आधी ताटली, मग सुई

संपादकांनी फोन केला तेव्हा विषयही सोबतच दिला. "डॉक्टर, इतकी वर्षं ठाण्यात प्रॅक्टिस केलीत. येऊरचा एखादा बिबट्या असेलच ना? बिबट्यावर लिहा, लोक आवडीने वाचतात." मी आयुष्यात एकही बिबट्या तपासलेला नाही. एकदा एका गृहस्थांनी येऊरच्या पायथ्याशी सापडलेलं बिबट्याचं पिल्लू पोत्यात घालून माझ्याकडे आणलं होतं. पोतं उघडलं तर आतून भटका बोका निघाला आणि जाता जाता त्याने गृहस्थांचा अंगठा फोडला. बिबट्यांशी माझा संबंध तेवढाच. तेव्हा मी मांजरीवर लिहिणार आहे. ज्यांना बिबट्याच हवा असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

मी जनावरांची डॉक्टर. हे वाक्य ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय काय उमटतं ते मला पाठ आहे. ऐंशीच्या दशकात कल्याणच्या सरकारी दवाखान्यात लागले, तेव्हा तबेलेवाले माझ्या खांद्यावरून मागे बघायचे. खरा डॉक्टर मागून येत असणार अशी त्यांची समजूत. एकाची म्हैस अडली होती. तो म्हणाला, "बाई, साहेबांना पाठवा, हे तुमचं काम नाही." मी पदर खोचला, खांद्यापर्यंत हात साबणाने धुतला आणि अर्ध्या तासात रेडकू बाहेर काढलं. म्हैस उभी राहिली, रेडकू उभं राहिलं, आणि तो म्हणाला, "साहेब असते तर लवकर झालं असतं." त्या दिवसापासून मी लोकांना पटवून द्यायचा नाद सोडला. काम करायचं आणि पुढे जायचं.

पुढे नोकरी सोडून ठाण्याला जांभळी नाक्याजवळच्या एका गल्लीत स्वतःचा दवाखाना टाकला. तोही कुत्र्यामांजरांचा. राहायला मी डोंबिवलीला, तिथल्या शेजाऱ्यांनी मला वेड्यात काढलं. म्हैस दूध देते, बैल नांगर ओढतो, त्यांच्यासाठी डॉक्टर ठीक आहे. मांजरासाठी कोण येणार? खरंच पहिले काही महिने फार कोणी आलं नाही. जे आले ते बहुतेक "हिला कायमची झोपवता का?" असं विचारायला आले. म्हातारी मांजर, आजारी मांजर, घर बदलताना नको झालेली मांजर. या प्रश्नाला मी जितक्या वेळा नाही म्हटलं तितक्या वेळा लोक रागावून गेले. काही वेळा मात्र हो म्हणावं लागलं, आणि त्यातल्या दोन-तीन वेळा मी घाई केली, हे आज मला कळतं. ते ओझं आहेच.

हिराबाई वैती आली ती मात्र झोपवायला नाही, भांडायला आली होती. माझ्याशी नाही, जगाशी.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. हिराबाई बाळकुमची कोळीण, ठाण्याच्या मार्केटात मासळी विकायची. पन्नाशी उलटलेली, कपाळावर मोठं कुंकू, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी बोलली तर माझ्या टेबलावरच्या बाटल्या ऐकतील. सगळ्यांना अरेतुरे करायची, मलाही. डोक्यावर मासळीची पाटी होती. ती तिने टेबलावर ठेवली आणि वरचं फडकं काढलं, तर आत पिवळ्या-पांढऱ्या रंगाची एक म्हातारी मांजर. नुसती हाडं, केस राठ, डोळे मात्र टक्क उघडे.

"बाय, हिचे मुताला मुंग्या लागतान," हिराबाई म्हणाली. "खाते दोन मानसांचा, पानी पिते म्हशीचा, ना वजन बग. चिमनी बरी. माजे सासऱ्याला असाच जालेला. साखर."

मी पाच वर्षं कॉलेजात घालवून जे निदान करायला शिकले, ते तिने अंगणातल्या मुंग्या बघून केलं होतं. मांजरीच्या लघवीतून साखर जायला लागली की मुंग्या येतात, हे कुठल्याही पुस्तकाइतकंच खरं आहे.

तिच्यामागे तिचा मोठा मुलगा मधू उभा होता, तोंड पाडून. त्याला मांजर खाडीपलीकडे सोडून द्यायची होती. तो मला उद्देशून पण आईला ऐकू जाईल असं म्हणाला, "तेरा वर्सांची जाली ती. मी बोललो, आये, सोर तिला खारीपल्यार, तर आयकत नाय. इथं मानसांना औषद मिलत नाय."

"तुला कावील जालेली तवा तुला सोरला का मी खारीपल्यार?" हिराबाई मागे न बघता म्हणाली. मधू बाहेर जाऊन रिक्षात बसला.

मांजरीचं नाव सोनी. तिचं रक्त घ्यायचं तर ते तपासणार कोण, हा त्या काळातला खरा प्रश्न होता. जनावरांची लॅब आसपास कुठे नव्हती आणि माणसांच्या लॅबवाले जनावराचा नमुना म्हटलं की हात वर करायचे. त्यामुळे मी एक लबाडी करायची, ती आज कबूल करते. नमुन्याच्या चिठ्ठीवर मी जनावराचं नाव आणि मालकाचं आडनाव लिहायची, बाकी काही नाही. नौपाड्यात केळकर म्हणून एक लॅबवाले होते, अत्यंत सरळ माणूस. त्यांच्याकडे चिठ्ठी गेली: सोनी वैती, वय तेरा, स्त्री.

संध्याकाळी केळकरांचा फोन. "डॉक्टर, ही मुलगी कुठे आहे? एवढी साखर घेऊन ती चालतेय कशी? तिला आत्ताच्या आत्ता ॲडमिट करायला सांगा. आईबाप काय झोपा काढतायत का?"

"बापाचा पत्ता नाही," मी म्हटलं. "आणि केळकर, ती मांजर आहे."

मग ते हळूच म्हणाले, "माझ्या लॅबमध्ये मांजरीचं रक्त?"

"तुम्हाला तरी कळलं का?"

ते माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. पण फसवणुकीचा राग ओसरल्यावर तेच म्हणाले, यापुढे खरं लिहून पाठवा, मी करून देईन. जी गोष्ट सरळ विचारून मिळाली असती ती मी इतकी वर्षं चोरून घेत होते. आपण लढायच्या इतक्या तयारीत असतो की समोरचा दार उघडून उभा आहे हेही दिसत नाही.

इन्शुलिन माणसांचंच वापरायचं, मांजराला त्याचा अगदी थेंब पुरतो. सिरिंजवर बारीक रेघा असतात, एक रेघ म्हणजे एक युनिट. हिराबाईला अक्षरओळख नव्हती, पण रेघ कळत होती. मी सिरिंजच्या दुसऱ्या रेघेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि सांगितलं, इथपर्यंत ओढायचं, सकाळ-संध्याकाळ, मानेची कातडी चिमटीत धरून. सुशिक्षित लोकांना हे शिकवताना मला तास तास जायचा, हात थरथरायचे. हिराबाईने एकदा बघितलं आणि दुसऱ्यांदा टोचलं. आयुष्यभर कोयत्यावर बोंबील साफ केलेले हात. सोनीने मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

दहा दिवसांनी साखर होती तिथेच. मी खोदून खोदून विचारलं. सुई रोज दिली? दिली. ठिपक्यापर्यंत? ठिपक्यापर्यंत. औषध ठेवतेस कुठे? मी तिला थंड जागी ठेव म्हणून सांगितलं होतं.

"बरफान," ती अभिमानाने म्हणाली. "अगदी मदी. पापलेट ठेवते तसा."

इन्शुलिन गोठलं की वाया जातं. बाटली दिसते तशीच, पण आत औषध उरत नाही. मासळी ताजी राहावी म्हणून जे ती जन्मभर करत आली, तेच तिने औषधालाही केलं होतं, आणि सर्वांत चांगली जागा दिली होती. मी तेव्हा हसले नाही. वाईट म्हणजे, चिडले. तिला सगळ्यांसमोर बोलले. नवी बाटली डब्यात घालून पाण्याच्या माठाला टेकवून ठेवायची, असं ठरलं.

नवी बाटली सुरू झाली तरी साखर म्हणावी तशी उतरेना. दोन रेघांच्या तीन झाल्या, तीनच्या चार. सोनी खात होती आणि झिजतच होती. त्यात रात्रंदिवस ओरडायची, जागेवर बसायची नाही, म्हातारपणी पिल्लासारखी भिंतीवर चढायची. एके दिवशी मी तिची हनुवटी वर करून गळ्यावरून दोन बोटं खाली नेली, तर कातडीखाली वाटाण्याएवढी गाठ टुणकन सरकली. छातीला नळी लावली तर ठोके मोजता येईनात.

हे थायरॉइड होतं. गळ्यातली ही छोटीशी ग्रंथी शरीराची आच किती ठेवायची ते ठरवते. ती बिघडून आच फार वाढली की खाल्लेलं सगळं जळून जातं, आणि वर इन्शुलिनलाही ती दाद देत नाही. म्हणजे सोनीला दोन आजार होते, आणि दुसरा पहिल्याला ताळ्यावर येऊ देत नव्हता.

मी आमच्या कॉलेजातल्या जुन्या सरांना फोन केला. सर विद्वान. म्हणाले, "थायरॉइड? मांजराला? अगं, ते परदेशातल्या पुस्तकांत. आपल्याकडच्या मांजरांना होत नाही." मी म्हटलं, सर, आपल्याकडच्या मांजरांना होत नाही की आपण त्यांच्या गळ्यावर बोट फिरवत नाही? सर म्हणाले, "एका कोळणीच्या मांजरीसाठी किती जीव काढशील? झोपव तिला आणि मोकळी हो."

कोळणीच्या मांजरीसाठी. बंगल्यातल्या पॉमेरेनियनसाठी हेच सर परदेशातून औषध मागवून देत. मी फोन ठेवला, आणि त्या दिवशी ठरवलं की ही मांजर आता जगलीच पाहिजे. हे डॉक्टरने ठरवायचं नसतं, मला माहीत आहे. मी ठरवलं.

केळकरांनी रक्त मुंबईला पाठवून थायरॉइडची तपासणी करून आणली. रिपोर्टवर लिहिलेलं, नॉर्मल. केळकर मला समजावायला स्वतः दवाखान्यात आले. "डॉक्टर, नॉर्मल आहे हो. उगाच जिद्दीला पेटू नका."

"तुमच्या-माझ्यासाठी नॉर्मल आहे," मी म्हटलं. मांजराच्या रक्तात हा स्राव माणसापेक्षा पुष्कळ कमी असतो. माणसाचा मधला आकडा म्हणजे मांजरीचा धोक्याचा आकडा. मी एका मित्राकडून मागवलेल्या पुस्तकाच्या झेरॉक्सवर त्यांना बोट ठेवून दाखवलं. केळकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "म्हणजे मी नॉर्मल लिहून तुमची मांजर मारली असती." त्यानंतर सोनीच्या प्रत्येक रिपोर्टवर ते पेनाने ठळक लिहायचे: मांजर.

थायरॉइडचीही माणसांचीच गोळी, अर्धी अर्धी करून द्यायची. गोळी कडू, मांजर थुंकून टाकते. हिराबाईने मला विचारलंही नाही. निवटी, म्हणजे खाडीच्या चिखलातला बोटाएवढा मासा, घ्यायची, तिच्या पोटात गोळी सारायची, डोकं सोनीकडे करून धरायची. सोनी अख्खी निवटी एका दमात गिळायची. मी ही युक्ती पुढे नौपाड्यातल्या बायकांना सांगायची तेव्हा त्या नाकाला पदर लावायच्या.

मध्ये एकदा हिराबाईने सुई चुकवली. घरात लग्न होतं, दोन वेळा राहून गेली. मी तिला खूप बोलले. माझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण ते नंतर माझ्याकडे परत आले. मी म्हटलं होतं, "काहीही होवो, हिराबाय, जग बुडालं तरी सुई चुकवायची नाही."

तिने पाटी उचलली आणि वाद न घालता निघाली.

गोळी लागू पडली. ओरडणं थांबलं, ठोके मोजता यायला लागले, अंगावर थोडं मांस दिसायला लागलं. लघवी तपासायची आमची पद्धत साधी होती: नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. साखर भरपूर असेल तर विटेसारखा लाल रंग येतो, कमी असेल तर हिरवा, नसेल तर निळा तसाच राहतो. इतके दिवस आमची नळी लाल यायची. आषाढाच्या शेवटी हिराबाईने बाटलीत आणलेला नमुना मी तापवला आणि रंग निळा राहिला. मी ती नळी खिडकीशी नेऊन उजेडात धरली, केळकरांना फोन केला, सरांनाही करणार होते.

मी पाठ थोपटून घेत होते तेव्हाच मला विचार करायला हवा होता. लघवीत साखर नाही, याचा अर्थ औषध पुरलं. कदाचित जास्तच झालं. थायरॉइडची आच खाली आली की तेच इन्शुलिन दुपटीने लागू पडतं, म्हणून चार रेघांच्या दोन करायच्या असतात. हे मला माहीत होतं. केळकरांना झेरॉक्स दाखवताना त्याच पानावर खाली ते लिहिलेलं होतं. निळा रंग बघून मी ते विसरले आणि हिराबाईला म्हटलं, "आहे तसंच चालू ठेव."

श्रावण लागून पाचेक दिवस झाले असतील. सकाळी अकराच्या सुमाराला रिक्षा थांबली आणि हिराबाई पाटी डोक्यावर न घेता छातीशी धरून आत आली. आत सोनी आडवी पडलेली. तोंडातून लाळ, जबडा थडथड उडत होता, डोळे उघडे पण कुणालाही न बघणारे.

"सकाळी काय खाल्लं हिने?"

"काय नाय. दूदभात ठेवला, वास घेतला ना फिरली."

"काल?"

"काल पन थोराच. परवा पन."

"दूधभात का? मासा कुठे गेला?"

तिने पदराने सोनीची लाळ पुसली. मी विचारलं, "आणि सुई?"

"दिली ना," ती म्हणाली. "चार रेगा. तूच बोललेलीस, जग बुरला तरी सुई चुकवाची नाय."

ज्या पोटात तीन दिवस धड अन्न नाही त्याला आम्ही दोघींनी मिळून साखर उतरवायची चार रेघा सुई दिली होती. हुकूम माझा आणि हात तिचा. मी हिराबाईच्या तळहातावर ग्लुकोजची पावडर ओतली आणि सांगितलं, हिच्या हिरड्यांना चोळत राहा. मी पुढच्या पायावरची शीर शोधायला लागले. एवढ्या हडकुळ्या पायात, एवढ्या झटक्यांत, शीर म्हणजे दोरा. पहिल्यांदा चुकली. सोनीच्या जबड्याने झटका दिला आणि हिराबाईच्या बोटात सुळा आरपार रुतला. तिने बोट काढलं नाही. दुसऱ्या हाताने चोळत राहिली. तिसऱ्या वेळेस मला शीर मिळाली आणि मी ग्लुकोज अगदी सावकाश आत सोडलं.

ती पंधरा-वीस मिनिटं मी आजवर कुणाला सांगितलेली नाहीत. मला सर आठवत होते. झोपव आणि मोकळी हो. मला भीती सोनी मरेल याची होतीच, पण ती माझ्या हुकमाने मरेल याची जास्त होती.

जबडा थांबला. मग सोनीने मान उचलली, टेबलाला नाक लावून हुंगलं आणि हिराबाईच्या रक्ताळलेल्या बोटाकडे वळून चाटायला लागली.

"हिला आत्ता पोटात अन्न हवं," मी म्हटलं. "नाहीतर पुन्हा पडेल. दूधभात नाही. मासा आण."

हिराबाई जागची हलेना. ठाण्याच्या मार्केटातली कोळीण, मार्केट पाच मिनिटांवर, आणि ती मासा आणायला हलेना. मग खाली बघून तिने सांगितलं. आषाढात, सोनीची तब्येत सुधारायला लागली तेव्हा, तिने एकवीरा आईला नवस बोलला होता. सोनी बरी झाली तर अख्खा श्रावण घरात मासळी शिजणार नाही. मार्केटात विकायची, पण घरातल्या चुलीवर नाही. सगळं घर पिठलंभात खात होतं, सोनीची गोळीही निवटीऐवजी दुधात कालवून जात होती, मधू चिडचिडत होता, आणि ज्या मांजरीसाठी हा नवस, ती उपाशी राहत होती.

माझ्या ओठांवर येऊन थांबलं. नवसाबिवसाला काय अर्थ आहे, हे मी आधी कितीतरी जणांना ऐकवलेलं होतं. पण तिच्याकडे बघून मला कळलं की हे मी विचारायलाच हवं होतं. सणवार, उपासतापास, श्रावण पाळता का, हे आपल्याकडच्या प्रत्येक घराला विचारावं लागतं. मी मुंग्या विचारल्या, बर्फ विचारला, रेघा मोजल्या, आणि पंचांग विचारलं नाही. आणि ती सुई कशासाठी, ती पोटात काय करते, हेही तिला एकदाही समजावलं नाही. नुसता हुकूम दिला होता.

हे मी तिला बोलून दाखवलं. "हिराबाय, चूक माझी आहे. उपाशी पोटी ही सुई विष आहे. हे मी तुला सांगायला हवं होतं."

मग तिने बोटाला फडकं गुंडाळलं. "नवस मी बोललेली," ती म्हणाली. "सोनी कवा बोलली? तिचा तोंड आई कशाला बांदंल?" आणि दारापर्यंत जाऊन मागे वळली. "ना हा काय माजा घर नाय. हितं तुजी चूल हाय."

दहा मिनिटांत ती बोयटं घेऊन आली. ज्या स्टोव्हवर मी सुया उकळायची त्याच स्टोव्हवर, माझ्या स्टीलच्या ट्रेमध्ये, तिने ती वाफवली, काटे काढले आणि सोनीपुढे धरली. सोनीने ट्रे पुसून काढला. दुपारी एक बाई कुत्र्याला टोचायला घेऊन आल्या, दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, इथे मासे शिजवता का?" मी म्हटलं, "हो. औषध आहे." दोन दिवस दवाखान्याला वास होता आणि मी खिडक्या उघडल्या नाहीत.

त्या दिवशी आम्ही नवा नियम केला. चारच्या दोन रेघा. आणि आधी ताटली, मग सुई. सोनीची एक टवके उडालेली इनॅमलची ताटली होती. त्यातले निदान तीन घास पोटात गेले तरच सुई, नाहीतर नाही, आणि थेट माझ्याकडे यायचं. यावेळी मी नुसतं सांगितलं नाही, का ते समजावलं. हिराबाईने मलाच उलटं समजावून दाखवलं आणि ते माझ्यापेक्षा सोपं होतं. "म्हंजे सुई साकर खाते. पोटान काय नसला तर ती सोनीलाच खाईल." उरलेला श्रावण तिने अंगणात तीन विटा मांडून सोनीपुरते मासे शिजवले. घरातली चूल तिने नारळी पौर्णिमेनंतरही महिना संपेपर्यंत बाटवली नाही. नवस तिचा होता, तिने पाळला.

सोनी त्यानंतर अडीच वर्षं जगली. सरांना मी तिचे रिपोर्ट पोस्टाने पाठवले, केळकरांच्या ठळक अक्षरांतल्या 'मांजर'सकट. उत्तर आलं नाही. सोनी गेली ती अंगणात उन्हाला, म्हातारपणाने, मला न बोलावता. हिराबाई दुसऱ्या दिवशी मार्केटातून येऊन म्हणाली, "गेली." आणि एक पापलेट ठेवून गेली. मी त्या दिवशी ओपीडी बंद ठेवली. एका मांजरीसाठी, हो.

आता घोडबंदर रोडला मांजरांसाठी थंडगार दवाखाने आहेत, साखर मोजायचं यंत्र मालकाच्या खिशात असतं, आणि थायरॉइड आपल्याकडच्या मांजरांना होतं हे सगळ्यांनाच माहीत झालंय. चांगलंच आहे. पण तिथे जाणाऱ्यांना मी एवढंच विचारते, डॉक्टरने तुम्हाला काय करायचं ते सांगितलं की का करायचं तेही सांगितलं?

नव्वदचं दशक संपता संपता मधू माझ्याकडे आला. हिराबाईच्या पायात चिवणी माशाचा काटा गेला होता, जखम भरत नव्हती, तपासलं तर साखर. तिला इस्पितळात ठेवली होती. मी संध्याकाळी भेटायला गेले. वॉर्डात दोन्ही बाजूंना खाटा, हिराबाई खिडकीशी, पायाला बँडेज, कुंकू तेवढंच मोठं. मला बघून "बाय" म्हणाली आणि खाटेवर जागा केली.

तेवढ्यात नर्स इन्शुलिनची सुई घेऊन आली. हिराबाईने हात पदराखाली घेतला.

"आजी, हात द्या."

"जेवन कवा येल?"

"येईल. गाडी खालच्या मजल्यावर आहे. हात द्या."

"आधी ताटली," हिराबाई म्हणाली. "मग सुई."

नर्सने समजावलं, मग रागावली, मग डॉक्टरांना बोलावून आणलं. कोवळा मुलगा होता, दिवसभराच्या ड्युटीने दमलेला. तो म्हणाला, "आजी, सुईची वेळ झालीय. औषधातलं आम्हाला शिकवू नका. हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"हिनं," हिराबाईने माझ्याकडे हनुवटी केली. "माजी डॉक्टरीन."

तो एकदम सावरून उभा राहिला. "सॉरी मॅडम. आपण फिजिशियन का? कुठे असता?"

मधूने मान खाली घातली. बाजूच्या दोन खाटांवरच्या बायका ऐकत होत्या. माझ्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला, जसा कल्याणच्या तबेल्यात झाला होता.

"मी जनावरांची डॉक्टर," मी म्हटलं. "हे आम्ही दोघी एका मांजरीकडून शिकलो. आणि तिचं बरोबर आहे. जेवण अजून खालच्या मजल्यावर आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं, हिराबाईकडे बघितलं, आणि घड्याळाकडे. मग नर्सला म्हणाला, "थांबा. ताट येऊ दे." बारा-पंधरा मिनिटांनी गाडीची चाकं वाजली. वरणभात, दुधीची भाजी. हिराबाईने ताट मांडीवर घेतलं, नाक मुरडलं, आणि सावकाश, आम्हा सगळ्यांना मोजता येतील असे, तीन घास खाल्ले.

मग तिने पदर बाजूला केला आणि हात पुढे केला. "आता टोच."